पार्श्वभूमी : शेवटाने तारलेली महाकादंबरी

‘आधीची पाचशे पानं कशीबशी रेटली, पण शेवटाने कादंबरी तारली.’ जाडजूड अद्भुत कादंबऱ्यांबद्दल हा अभिप्राय हल्ली जळगाव-धुळ्याकडच्या तरुण वाचकांकडूनही ऐकू येतो. याच प्रकारात असं वारंवार का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जुन्या मराठी अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा शेवट आधीच माहीत असायचा. ‘मुक्तामाला’ (१८६१) काय किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) काय, संकटं, ताटातूट आणि मग गोड मीलन ठरलेलं. इंग्रजीत आजचा साचा आला तो टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे. १९५४-५५ मध्ये ती तीन भागांत निघाली, त्यात कागदाच्या महागाईचा मोठा हात होता. लेखकाच्या लेखी ती एकच कादंबरी होती. मागून आलेल्यांनी मात्र तीन भाग, दूरचा प्रवास, जादूची वस्तू आणि काळा सम्राट हाच नियम धरला. असा साचा पक्का झाला की शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो आणि मधली पानं जड होतात.

खुद्द टोल्कीनचा शेवट मात्र चकवतो. काळ्या सम्राटाची जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि ती आगीत टाकायला नकार देतो! नायक हरतो. पूर्वी ही अंगठी ज्याच्याकडे होती तो, तिच्यासाठी वेडापिसा झालेला गोलम त्याचं बोट तोडतो आणि अंगठीसकट आगीत कोसळतो. आधी अनेकांनी दया दाखवून गोलमला जिवंत सोडलं नसतं, तर सगळंच बुडालं असतं. या कथेसाठी टोल्कीनने आपलं जुनं पुस्तकही बदललं. १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये गोलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस द्यायला राजी होता. १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिलं गेलं आणि तिथे तो तिच्यापायी पिसाळतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कादंबरी तारणारा शेवट ऐनवेळी सुचून भागत नाही, तो मागे पेरावा लागतो.

खानदेशाला अशी पेरणी नवी नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत यात्रा भरते. आदिवासी भाविक तिथे चढून जातात ते अश्वत्थाम्यासाठी. कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो अजून रानात फिरतो, अशी इकडची श्रद्धा. महाभारतात कृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे. लोकांनी त्याची मुदतच काढून टाकली.

याच अश्वत्थाम्याच्या नावावर द्रोणपर्वात युधिष्ठिर ते प्रसिद्ध अर्धसत्य बोलतो, ‘नरो वा कुंजरो वा’. द्रोण शस्त्र ठेवतात, मारले जातात, युद्ध जिंकलं जातं. मग अकरा पर्वांनंतर, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला, आणि आपले भाऊ व द्रौपदी नरकात विव्हळताहेत. ‘मी इथेच राहीन,’ असं तो म्हणतो, तेव्हा इंद्र उलगडा करतो: द्रोणांना त्यांच्या मुलाबाबत फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला.