लोण्यावर चालणारा शेअर बाजार

बांगलादेशात लोणी किती निघालं यावरून अमेरिकेचा एस अँड पी 500 (500 बड्या कंपन्यांचा) निर्देशांक कुठे असेल ते सांगता येतं. थट्टाच आहे, पण आकडे खरे आहेत. 1990च्या दशकात डेव्हिड लाइनवेबर या अभ्यासकाने संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी धुंडाळली आणि निर्देशांक कशाशी जुळतो ते पाहिलं. एकट्या लोण्याने 75 टक्के चढउतारांचा हिशेब लागला. अमेरिकेतलं लोणी, चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिळवल्या, तर 99 टक्के! डेटा खूप उपसला की काहीही सापडतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या डेटातून स्वतःच नियम शोधणाऱ्या संगणकाने, हे उपसणं फुकट करून टाकलंय.

1,024 जणांना दर सोमवारी नाणं उडवून निफ्टी (एनएसई या शेअर बाजाराचा 50 कंपन्यांचा निर्देशांक) 'वर की खाली' ते सांगायला लावा. दर आठवड्याला साधारण निम्मे चुकून बाद होतील. दहा आठवड्यांनी सरासरी एक जण उरतो, ज्याचं एकही भाकीत चुकलेलं नाही. माणूस असता तर त्याने एव्हाना क्लास काढला असता. आता संगणकाकडे बघा. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचे (गेल्या काही दिवसांच्या भावाची सरकती सरासरी) 30 पर्याय, स्टॉपलॉसचे (किती तोट्यावर विकून मोकळं व्हायचं) 10, सौद्यातून बाहेर पडण्याचे 10, म्हणजे 3,000 नियम. चहा उकळेपर्यंत सगळे जुन्या भावांवर तपासून होतात. त्यातला पहिला आलेला नियम हुशार की नशीबवान, हे नुसत्या नफ्याच्या आलेखावरून कळत नाही. म्हणून किती नियम तपासले हे लपवायचं नाही. डेव्हिड बेली आणि मार्कोस लोपेझ द प्राडो या संशोधकांनी 2014 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर जितके प्रयत्न जास्त, तितकी पहिल्या नंबराच्या गुणांना कात्री लागते.

मॉडेल, म्हणजे डेटातून शिकलेला संगणकाचा नियम, बाजार न समजता जुने भाव पाठ करतं; अशा घोकंपट्टीचा हा झाला एक प्रकार. दुसरा पेपरफुटीचा, आणि तो बहुतेक वेळा नकळत होतो. मांजरांचे फोटो ओळखायला शिकवताना फोटो पिसून काही शिकवणीला, काही परीक्षेला ठेवले तर चालतं. भाव असे पिसले, तर मंगळवारचा भाव ओळखायच्या परीक्षेआधी मॉडेलने सोमवार आणि बुधवार दोन्ही पाहिलेले असतात. म्हणून इथे काळाचा क्रम मोडायचा नाही: 2015 ते 2018 वर शिकवा, 2019 वर परीक्षा घ्या, मग खिडकी वर्षभराने पुढे सरकवा.

एवढं सांभाळूनही बंद भाव दगा देतो. एनएसईच्या जुन्या डेटात शेअरचा 'क्लोज' म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या, तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची ती भारित सरासरी असते, म्हणजे मोठ्या सौद्याला जास्त वजन. ती ठरते तोवर बाजार बंद झालेला असतो. 'क्लोज पाहून क्लोजलाच घेतलं' असं गृहीत धरणारं मॉडेल कागदावर जो भाव मिळवतं, तो प्रत्यक्षात हाती लागेलच असं नाही. दलाली आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) वेगळेच.

सगळ्यात गोड चूक मात्र यादीची. आजच्या निफ्टीतल्या 50 कंपन्या घेऊन 2008 पासूनचा बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) चालवला की निकाल झकास येतो. सत्यम ही आयटी कंपनी तेव्हा निफ्टीत होती. 7 जानेवारी 2009 रोजी हिशेबातला घोटाळा उघड झाला, शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त आपटला आणि कंपनीला त्याच महिन्यात निर्देशांकातून काढलं. आजच्या यादीत ती नाही, त्यामुळे मॉडेलच्या लेखी तो बुधवार उजाडलाच नाही.