कुंडीतील जिवंत नाताळवृक्ष

कुंडीतील जिवंत नाताळवृक्ष : नाताळच्या सजावटीसाठी मुळांसह घरात ठेवला जाणारा आणि सण सरल्यावर जमिनीत लावला जाणारा किंवा कुंडीतच वाढवला जाणारा सूचिपर्णी वृक्ष. युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत यासाठी नॉर्वे स्प्रूस, निळसर झाक असलेला कोलोरॅडो स्प्रूस आणि नॉर्डमन फर ही झाडे विशेष वापरात आहेत. महाराष्ट्र व गोव्यात ती जागा अरोकेरियाने घेतली आहे. दोन्हीकडील हवामान आणि झाडांची जात वेगळी असल्यामुळे निगेचे नियमही वेगळे आहेत. थंड देशांतील सूचना वाचून इथल्या झाडाची निगा राखायला गेल्यास झाड हातचे जाते.

सदाहरित झाड घरात आणून सजवण्याची चाल जर्मन भाषिक प्रदेशातली. मूळच्या जर्मन असलेल्या इंग्लंडच्या राणी शार्लट यांनी डिसेंबर १८०० मध्ये विंडसर येथे मुलांच्या मेजवानीसाठी एका मोठ्या टबात यू हा सदाहरित वृक्ष उभा करून तो खाऊ, खेळणी आणि मेणबत्त्यांनी सजवला होता. राणी व्हिक्टोरिया यांच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आल्यावर ही चाल इंग्रजी घरांत सर्वदूर पसरली.

बाजारात ‘कुंडीतले झाड’ म्हणून मिळणारी सगळी झाडे सारखी नसतात. काही रोपे लहानपणापासून कुंडीतच वाढलेली असतात व त्यांची मुळे अखंड असतात. काही शेतात वाढवून विक्रीपूर्वी उपटून कुंडीत बसवलेली असतात, आणि त्या उपटण्यात त्यांची बरीचशी मुळे तुटलेली असतात. तिसरा प्रकार मातीच्या गोळ्यासह खणून गोणपाटात बांधलेल्या झाडांचा. घेण्यापूर्वी खोड हलकेच हलवून पाहावे. खोडाबरोबर कुंडीतली सगळी माती एकसंध हलली तर मुळांनी कुंडी धरलेली आहे, आणि खोड मातीत सैल डुलले तर झाड नुकतेच कोंबलेले आहे, असे समजावे. नॉर्डमन फरची पाने लवकर गळत नाहीत, पण त्याचे सोटमूळ खोल जाणारे असल्यामुळे कुंडी त्याला मानवत नाही. वर्षानुवर्षे कुंडीतच ठेवायचे असेल तर कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९०४ मध्ये सापडलेला बुटका, अतिशय सावकाश वाढणारा स्प्रूस अधिक सोयीचा.

थंड प्रदेशातील झाड डिसेंबरात सुप्तावस्थेत असते, आणि ही झोप न मोडणे हेच त्याच्या निगेचे मर्म आहे. फांदीच्या टोकाशी तपकिरी, कागदासारख्या पातळ खवल्यांत मिटलेला डोळा असतो. हीटरच्या उबेत दोन-तीन आठवडे गेले की तो फुगतो, खवले सुटतात आणि आतून फिक्या हिरव्या, मऊ पानांचा झुबका डोकावतो. घरातल्यांना हे शुभचिन्ह वाटते. प्रत्यक्षात झाडाने अवेळी वसंत धरलेला असतो, आणि अशा अवस्थेत ते बाहेर बर्फात नेले तर ती कोवळी पालवी करपते व कित्येकदा झाडही दगावते. म्हणून झाड घरात सात ते दहा दिवसांहून अधिक ठेवू नये. आत आणताना आणि परत नेताना मध्ये तीन-चार दिवस गॅरेज किंवा बंद पडवीसारख्या थंड, पण न गोठणाऱ्या जागी त्याला सरावू द्यावे. शेकोटी व हीटरपासून ते लांब असावे, दिवे न तापणारे एलईडी असावेत आणि माती ओलसर राहावी. पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण थंडीत मुळे सुकण्याइतकाच कुजण्याचाही धोका असतो.

लागवडीची तयारी सणाच्या आधीच करावी लागते. जिथे जानेवारीत जमीन दगडासारखी गोठते, तिथे नोव्हेंबरमध्येच खड्डा खणून पाचोळ्याने भरतात, वर फळी टाकतात आणि निघालेली माती गोठू नये म्हणून आडोशाला ठेवतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण गोळ्याच्या उंचीइतकाच खोल असावा; खोड रुंदावत मुळांत उतरते ती जागा जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. ती जागा मातीखाली गाडणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि तिचे परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसत असल्याने ती ध्यानातही येत नाही. कुंडीच्या कडेने वेटोळी झालेली मुळे मोकळी करावीत वा कापावीत, गोणपाटाची दोरी तोडावी, आणि कापड प्लॅस्टिकचे असेल तर पूर्ण काढावे. खड्ड्यात निघालेलीच माती परत भरावी, भरपूर पाणी द्यावे व पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन खोडाला न टेकवता पसरावे. नॉर्वे स्प्रूस तीस-चाळीस मीटर वाढतो. घराजवळ वा विजेच्या तारांखाली लावला तर पुढे तो तोडणे भाग पडते.

महाराष्ट्र व गोव्यातील रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने मिळणारा अरोकेरिया हा पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा वृक्ष आहे. पूर्वी बादलीत सुरूची फांदी रोवून भागवणाऱ्या कित्येक घरांत आता त्याची कुंडी दिसते. हा वृक्ष बर्फाळ हिवाळ्याची झोप घेत नाही, आणि कडाक्याचा गारठा त्याला सोसतही नाही. त्यामुळे घरातल्या दिवसांत त्याला खरी उणीव उजेडाची भासते. अंधाऱ्या दिवाणखान्यात महिनाभर राहिल्यास खालच्या फांद्या पिवळ्या पडून झडतात, आणि झडलेल्या फांदीच्या जागी नवी फांदी येत नाही. खिडकीजवळची जागा, मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी, आणि सण झाल्यावर आधी सावलीत व मग हळूहळू उन्हात नेणे, इतके त्याला पुरते. शेंडा मात्र जिवापाड जपावा. त्यावर जड चांदणी खोवू नये, कारण शेंडा मोडला की झाडाचा मनोऱ्यासारखा डौल गेला तो गेलाच. बाजूच्या फांदीचे कलम केले तरी ते उभे न वाढता आडवेच पसरत राहते. चमकी किंवा रंग फवारलेली रोपे घेऊ नयेत. त्यांची पाने गुदमरतात.

जमिनीत लावायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी, निचऱ्याच्या जागी लावावा. समुद्राचा खारा वारा तो चांगला सोसतो. नॉरफोक बेटावरचा अरोकेरिया म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियातील कुक पाइन या अरोकेरियाच्याच दुसऱ्या जातीची असतात. कुक पाइन जगात कुठेही लावला तरी विषुववृत्ताच्या दिशेने कलतो. पाच खंडांतील २५६ झाडे मोजून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा कल सरासरी साडेआठ अंश भरला. याचा अर्थ वीस मीटर उंचीच्या झाडाचा शेंडा बुंध्यापासून सुमारे तीन मीटर सरकलेला असतो. आपल्याकडे तो दक्षिणेला सरकतो, तेव्हा त्या बाजूला घराचे छप्पर किंवा तारा नसलेली जागा निवडावी.