बुद्धिमान स्वयंचलन, संस्थाव्यापी

अर्जांची छाननी, बिलांची नोंद, खात्यांचा ताळमेळ, तक्रारींची वर्गवारी यांसारखी कार्यालयीन कामे नियमबद्ध संगणकीय आज्ञावली आणि यांत्रिक शिक्षणावर (मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाने उदाहरणांवरून शिकणे) आधारलेली प्रारूपे यांच्या संयोगाने पार पाडणे, आणि ही व्यवस्था एका विभागापुरती न ठेवता संस्थेच्या सर्व विभागांत टप्प्याटप्प्याने पसरविणे, यास संस्थाव्यापी बुद्धिमान स्वयंचलन म्हणतात. कारखान्यातील स्वयंचलनाचा संबंध मालाच्या हाताळणीशी येतो, तर या प्रकारात माहितीची हाताळणी मुख्य असते. या क्षेत्रातील संज्ञा व संकल्पना स्थिर करण्यासाठी ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २७५५ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१७ मध्ये काढली. ‘हायपरऑटोमेशन’ ही संज्ञा गार्टनर या सल्लागार संस्थेने २०१९ च्या सुमारास रूढ केली. तिचा आशय फारसा वेगळा नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ नेमका कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. संगणकाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक हा धागा ब्रिटनमधील जे. लायन्स अँड कंपनी या चहागृहे व बेकऱ्या चालविणाऱ्या कंपनीपर्यंत मागे नेतात. या कंपनीने स्वतः बांधविलेल्या ‘लिओ’ या संगणकावर बेकरी-उत्पादनांच्या मूल्यांकनाचे काम सप्टेंबर १९५१ मध्ये चाचणी म्हणून आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये, बहुतेक नोंदींनुसार महिनाअखेरीस, नियमितपणे सुरू झाले. मात्र तेथे यंत्राकडे आले ते गणन. कागद कोणाकडून कोणाकडे जावा, हा निर्णय माणसांकडेच राहिला. त्यामुळे दुसरा गट १९७० नंतरच्या दशकाला अधिक महत्त्व देतो. मायकेल झिसमन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये १९७७ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात कार्यालयीन कार्यपद्धती पेट्री-जालांच्या साहाय्याने मांडून त्या संगणकाकरवी चालविण्याची कल्पना तपशीलाने विशद केली. कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून पुढे आलेली ही गणिती मांडणी कामाच्या अवस्था व त्यांमधील संक्रमणे दाखविते. कार्यप्रवाह-प्रणालींच्या आणि पुढे प्रक्रिया-खननाच्या (प्रणालीतील नोंदींवरून कामाचा प्रत्यक्ष मार्ग शोधण्याच्या) सिद्धांताचा पाया तीच ठरली.

तिसरे मत व्यवसायजगतात अधिक प्रचलित आहे. त्यानुसार हा प्रवाह ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ (संक्षेपाने आरपीए) पासून सुरू होतो. यातील ‘रोबो’ म्हणजे यंत्रमानव नव्हे, तर माणसाऐवजी संगणकाच्या पडद्यावर काम करणारी आज्ञावली होय. ही संज्ञा ब्लू प्रिझम या २००१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीतील पॅट गिअरी यांनी २०१२ च्या आसपास रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. त्या सुमारास बुखारेस्टमध्ये २००५ मध्ये सुरू झालेली आणि पुढे यूआयपाथ म्हणून ओळखली गेलेली कंपनी, तसेच कॅलिफोर्नियातील ऑटोमेशन एनिव्हेअर याही याच क्षेत्रात होत्या. परंतु पडद्यावरील मजकूर आज्ञावलीने वाचून घेण्याचे आणि माणसाच्या वतीने कळा दाबण्याचे तंत्र आयबीएमच्या ३२७० मालिकेतील टर्मिनलांच्या (मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकांच्या) काळापासून, म्हणजे आरपीएच्या पुष्कळ आधीपासून, वापरात होते. तेव्हा तंत्र जुने आणि त्यावरील नियंत्रणव्यवस्था नवी, हे मत अधिक ग्राह्य वाटते : प्रत्येक रोबोचे स्वतंत्र लॉगिन, संकेतशब्दांची केंद्रीय साठवण, कामाचे वेळापत्रक आणि प्रत्येक कृतीची तपासणीयोग्य नोंद यांमुळेच एका टेबलावरची युक्ती साऱ्या संस्थेत नेता आली.

कार्यपद्धती : पुरवठादारांच्या बीजकांची नोंद हे याचे नेहमीचे उदाहरण होय. ई-मेलने आलेल्या पीडीएफ बीजकातील अक्षरे प्रथम ओळखली जातात. मग प्रारूप त्यांतील क्रमांक, तारीख, रक्कम व करनोंदणी क्रमांक वेगळे काढते आणि प्रत्येकासोबत खात्रीचा एक आकडा देते. यापुढची तपासणी मात्र साध्या नियमांवर चालते आणि तिचे महत्त्व पुष्कळदा कमी लेखले जाते. भारतातील जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले २ अंक राज्याचा संकेतांक (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढील १० अक्षरे पॅन आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे असते. पॅनमध्ये ५ अक्षरे, ४ अंक व १ अक्षर हा क्रम ठरलेला असल्यामुळे रोमन ‘ओ’ आणि शून्य, किंवा ‘एस’ आणि ५ यांची गल्लत झाली तर ती स्थानावरूनच कळते. उरलेली बहुतेक चूक पडताळणी-अक्षरात पकडली जाते. महाराष्ट्रातील खरेदीदाराला महाराष्ट्रातच माल पुरविताना पुरवठादाराचा क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर केंद्र व राज्य यांचे कर समान भागांत लागलेले हवेत. तो ३० ने सुरू होत असेल तर एकात्मिक कर हवा. यानंतर खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बीजक या तिन्हींचा मेळ घातला जातो. मेळ बसला नाही किंवा खात्रीचा आकडा ठरविलेल्या मर्यादेखाली गेला, तर ते बीजक कर्मचाऱ्याच्या यादीत जाते. ही मर्यादा फार वर ठेवली तर कर्मचाऱ्यासमोर ढीग साचतो आणि फार खाली आणली तर चुकीची देयके निघतात. तिचा निर्णय लेखाविभागाने करावयाचा असतो, आज्ञावली लिहिणाऱ्याने नव्हे.

जुन्या प्रणालीत नोंद करताना रोबोला पडद्यावरील जागा शोधावी लागते. निर्देशांकांवरून (पडद्यावरील आडव्या-उभ्या अंतरांवरून) शोधल्यास पडद्याचा आकार बदलताच ती चुकते. चित्रावरून शोधल्यास रंगसंगती बदलताच चुकते. घटकाचे नाव व त्याचे स्थान यांवरून शोधणे अधिक टिकाऊ असले तरी प्रणालीची नवी आवृत्ती आली की तेही बिघडू शकते. रोबो थांबला तर ते लगेच लक्षात येते. तो न थांबता शेजारच्या रकान्यात रक्कम लिहीत राहिला तर ते महिनाअखेरच्या ताळमेळातच उघड होते, आणि म्हणून नोंदीनंतर तीच नोंद पुन्हा वाचून पाहण्याची पायरी अत्यावश्यक ठरते.

विस्तार : दूरध्वनी क्षेत्रातील टेलिफोनिका ओटू या कंपनीचे उदाहरण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०१५ मधील अभ्यासामुळे सर्वांत चांगले नोंदले गेले आहे. तेथे १६० हून अधिक रोबो १५ मुख्य प्रक्रियांमधील दरमहा ४ ते ५ लाख व्यवहार हाताळीत होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये २०० हून अधिक कार्यप्रक्रियांत असे रोबो बसविल्याचे आणि ते कामाच्या दर दिवशी १० लाखांहून अधिक व्यवहार करीत असल्याचे जाहीर केले. हे आकडे बँकेच्या स्वतःच्या निवेदनातील आहेत. रोबोंच्या संख्येवरून विस्ताराचे यश मोजणे मात्र योग्य नाही. अपवादात्मक प्रकरणे किती उरतात, ती कोण सोडविते आणि प्रणाली बदलल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या विभागावर आहे, यांवर ते अवलंबून असते. अनेक संस्था यासाठी ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ या नावाचा मध्यवर्ती गट नेमतात; काही ठिकाणी विभागांना स्वतःचे रोबो बनविण्याची मुभा असते आणि मानके तेवढी मध्यवर्ती गट ठरवितो. कोणती प्रक्रिया आधी घ्यावी हे ठरविण्यास प्रक्रिया-खनन उपयोगी पडते. व्हिल व्हान डर आल्स्ट या डच संगणकशास्त्रज्ञांच्या संशोधनातून विकसित झालेल्या या शास्त्रात प्रणालीतील वेळनोंदींवरून कामाचा प्रत्यक्ष मार्ग काढला जातो, आणि तो नियमपुस्तिकेतील मार्गापेक्षा बहुधा वेगळा निघतो.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्येच निरुपयोगी काम यंत्राकडे देण्याऐवजी ते काढूनच टाकावे, असे प्रतिपादन केले होते. भारतातील ई-बीजक व्यवस्था त्याची साक्ष देते. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झालेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीपर्यंत आली. बीजक मुळातच संरचित स्वरूपात नोंदले गेल्याने वर वर्णिलेल्या अक्षरओळखीची गरज तेवढ्यापुरती उरत नाही.

धोके : ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ योजना विस्ताराच्या धोक्याचे सर्वांत गंभीर उदाहरण आहे. २०१६ पासून व्यापक प्रमाणावर राबविलेल्या या योजनेत कल्याणभत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान विभागून ते त्यांनी कळविलेल्या उत्पन्नाशी ताडले जाई आणि फरक दिसल्यास वसुलीचे पत्र निघे. वर्षातील काही महिनेच काम केलेल्या व्यक्तीने खरी माहिती देऊनही तिच्यावर कर्ज दिसे. मालकाकडे चौकशी करण्याचे पूर्वी कर्मचारी करीत असलेले काम वगळले गेले आणि पुराव्याचा भार भत्ताधारकावर पडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयात अशी कर्जआकारणी बेकायदा ठरली आणि जुलै २०२३ मधील शाही आयोगाच्या अहवालाने योजनेवर कठोर ठपका ठेवला. येथे गणिताची पद्धतच सदोष होती. स्वयंचलनाने तो दोष लाखो लोकांपर्यंत पोहोचविला. युरोपीय संघाच्या मे २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमावलीतील २२ वे कलम, व्यक्तीवर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेण्यावर मर्यादा घालते.

भारत : कार्यालयीन यंत्रांना भारतात प्रारंभी कामगार संघटनांचा तीव्र विरोध झाला, आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातील इलॅको हाउसमध्ये संगणक बसविण्याविरुद्ध १९६० नंतरच्या दशकात दीर्घकाळ आंदोलन चालले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत १९८३ चा कामगार संघटनांशी झालेला करार आणि सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९८४ चा अहवाल यांनंतर संगणकीकरणास वाट मिळाली. पुण्यातील टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) झालेल्या कामातून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१५ मध्ये ‘इग्निओ’ ही प्रणाली आणली. ती मोठ्या संस्थांच्या संगणकव्यवस्थेतील बिघाड ओळखून त्यांपैकी काहींची दुरुस्ती स्वतःच करते.