तीनास एक: कर्नलच्या पत्त्यांची वाटणी आणि तिच्यामागचा वाद

महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि वागळे इस्टेटच्या जुन्या गाळ्यांत अजून ३२ बिटी पीसी सापडतात. मशीन धडधाकट असतं, पण त्याचं कंट्रोल कार्ड नव्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे पीसीही तसाच राहतो. अशा पीसीसाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधला मूळ गाभा, नव्याने बांधायला घेतला, की मेनूत ‘मेमरी स्प्लिट’ नावाचा पर्याय असतो: मेमरीच्या पत्त्यांपैकी किती प्रोग्रामला आणि किती कर्नलला, हे तो ठरवतो. एक्स्पर्ट मोड चालू केल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसला तरी पूर्ण खात्री नसेल तर हात लावू नका, अशी ताकीद शेजारीच असते. ऐरोली-घणसोलीच्या डेटा सेंटरमध्ये नोकरीला लागलेल्या तरुणांपैकी बहुतेकांची त्याच्याशी गाठच पडलेली नाही.

१९९१ च्या पहिल्या लिनक्समध्ये ६४ टास्क आणि प्रत्येकाला ६४ एमबी, अशी ३२ बिटांत मावणाऱ्या ४ जीबी पत्त्यांची सरळ विभागणी होती. पुढे प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) स्वतःची ४ जीबी जागा मिळाली: खालचे ३ जीबी प्रोग्रामचे, वरचा १ जीबी कर्नलचा. कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांत बसवला होता, कारण मग सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) आला तरी पेज टेबल, म्हणजे कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे याचा तक्ता, बदलावं लागत नाही आणि त्या तक्त्यातल्या ताज्या नोंदी प्रोसेसरमध्ये जपणारा टीएलबी शाबूत राहतो. वेग मिळाला तो इथून.

या १ जीबीतले १२८ एमबी व्हीमॅलॉक (कर्नलने विखुरलेली पानं जोडून घेतलेली मेमरी) आणि तात्पुरत्या मॅपिंगसाठी राखून ठेवलेले. उरलेल्या ८९६ एमबीत प्रत्यक्ष मेमरी (रॅम) सरळ मॅप होते, म्हणजे तिला कायमचे पत्ते मिळतात. यंत्रात १२८ किंवा २५६ एमबी रॅम असायची त्या काळात ही मर्यादा कुणाला जाणवली नाही. सर्व्हरची रॅम १ जीबीवर गेली तेव्हा ती बोचू लागली. २००१ च्या २.४ आवृत्तीने हायमेम आणला: ८९६ एमबीच्या पलीकडचं पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) हवं असेल तेव्हा मॅप करायचं, काम झालं की सोडायचं. रॅमचे पत्ते ३२ बिटांपलीकडे नेणाऱ्या पीएई या प्रोसेसरमधल्या सोयीच्या जोरावर मग ६४ जीबीपर्यंत रॅम लावता येऊ लागली.

पण ती कागदावर. ४ केबीच्या प्रत्येक पानामागे कर्नल सुमारे ३२ बाइटची नोंद ठेवतो, आणि ही नोंद खालच्या ८९६ एमबीतच राहते. ६४ जीबीची पानं होतात १ कोटी ६७ लाखांच्या घरात. त्यांच्या नोंदींनाच ५१२ एमबी लागतात, म्हणजे कर्नलच्या हक्काच्या जागेतला निम्म्याहून अधिक भाग. वर कित्येक जीबी मोकळे असताना खालची जागा संपली म्हणून कर्नल प्रोसेस मारत सुटायचा. ज्याने रात्रपाळीत ते लॉग वाचले आहेत, त्याला वेगळं सांगायला नको.

यावर २००३ मध्ये चारास चार हा पॅच (कर्नलच्या कोडमधला बदल) आला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्याच्याबाबतीत झाला. त्यात कर्नलला प्रोसेसमधून बाहेर काढलं होतं. प्रोग्रामला जवळपास ४ जीबी, कर्नलला स्वतःचे ४ जीबी, आणि दोघांत फक्त ये-जा करण्यापुरता छोटा सामायिक भाग. मुख्य कर्नलमध्ये तो कधीच घेतला गेला नाही. आक्षेप खरे होते: प्रत्येक सिस्टिम कॉलला, प्रत्येक इंटरप्टला (हार्डवेअरकडून आलेल्या इशाऱ्याला) पेज टेबल बदलायचं, तेव्हाच्या प्रोसेसरवर त्यासोबत टीएलबी रिकामा व्हायचा, आणि प्रोग्रामची पानं कर्नलला थेट वाचता येत नसल्याने डेटाची नकलाही महाग पडायची. त्याच वर्षी ६४ बिटी एक्स८६ (पीसीच्या घराण्यातले) प्रोसेसर बाजारात आले, मग ३२ बिटांसाठी इतका आटापिटा कशाला, हा युक्तिवाद जोडीला होताच. सर्व्हरसाठीच्या एका व्यावसायिक लिनक्स वितरणाने मात्र हा पॅच वेगळ्या कर्नलच्या रूपात ग्राहकांना दिला. मला तीच भूमिका बरोबर वाटते. विरोधकांनी वेगाची तुलना लहान यंत्रांशी केली. ३२ जीबीचं यंत्र विकत घेऊन बसलेल्या माणसाला मंद चालणारं आणि कोसळणारं यांतून निवड करायची होती.

लहान यंत्रांचा प्रश्न, म्हणजे १ जीबी रॅममधले ८९६ एमबीपलीकडचे १२८ एमबी सरळ मॅप न होण्याचा, २००६ मध्ये, २.६.१६ आवृत्तीत सुटला. त्याआधी वाटणीची रेषा ठरवणारा, कोडच्या हेडर फाइलमधला एक आकडा हाताने बदलावा लागे. तो आता मेनूतला पर्याय झाला.

६४ बिटांवर ही काटकसर संपली. ४८ बिटी पत्त्यांत प्रोग्रामला १२८ टीबी, कर्नलला तितकेच. सगळी रॅम सरळ मॅप होते, हायमेम नाहीच. कर्नलचा पत्ता दर बूटला बदलण्याची सोय एक्स८६ वर २०१४ मध्ये आली आणि २०१७ मध्ये आपसूक चालू राहू लागली. त्याच वर्षी पाच पातळ्यांच्या पेज टेबलचं काम सुरू होऊन पत्ते ५७ बिटांवर गेले.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली; तिच्यामुळे प्रोग्रामला कर्नलची मेमरी चोरून वाचता येत होती. प्रोसेसच्या पत्त्यांत कर्नल असणं हेच धोक्याचं ठरलं, आणि उपाय म्हणून दोघांची पेज टेबलं वेगळी केली गेली. चारास चारची मूळ मांडणीच ती, कारण तेवढं वेगळं: तेव्हा जागा हवी होती, आता सुरक्षितता. टीएलबीतल्या नोंदींना ओळखक्रमांक लावण्याची सोय प्रोसेसरमध्ये आल्याने फटका आता सौम्य आहे, तरी जी किंमत १५ वर्षांपूर्वी अवाजवी म्हणून नाकारली, ती त्रुटी असलेले प्रोसेसर वापरणाऱ्या सगळ्यांच्या माथी आली. ३२ बिटी एक्स८६ ला हे संरक्षण त्याच वर्षी, पण नंतर, ४.१९ आवृत्तीत मिळालं. २०२५ मध्ये ३२ बिटी एक्स८६ वर ४ जीबीपलीकडची रॅम वापरण्याची सोयच काढून टाकली गेली.

रबाळ्याच्या त्या पीसीपुरतं बोलायचं, तर रॅम १ जीबी असेल तेव्हा पावणेतीन-सव्वा ही वाटणी घ्यावी. कर्नलचे १,२८० एमबी होतात, राखीव १२८ वजा जाता सगळी रॅम सरळ मॅप होते आणि हायमेम बंद ठेवता येतो. २ जीबी असतील तर नेमके दोनास दोन पुरत नाहीत, १२८ एमबी बाहेर राहतात. त्यासाठी प्रोग्रामला १,९२० एमबी देणारा वेगळा पर्याय आहे. हे दोन्ही पर्याय पीएई चालू असताना निवडता येत नाहीत, कारण तिथे वाटणीची रेषा पूर्ण जीबीवरच पडावी लागते. आणि ३ जीबी पत्ते मिळतीलच असं गृहीत धरणारा एखादा जुना प्रोग्राम त्या यंत्रावर असेल, तर वाटणी बदलण्याआधी तो चालवून पाहावा.