पेस्कादा (माशाचे नाव)

पेस्कादा हे हेक माशाचे पोर्तुगीज आणि गालिसियन (वायव्य स्पेनमधली भाषा) नाव. अंग लांबट, राखाडी-रुपेरी आणि तोंड आतून काळे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने 1758 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. शब्दाचा अर्थ ‘पकडलेली’. ‘पेस्कार’ म्हणजे मासे धरणे, आणि पेस्कादा हे त्याचेच स्त्रीलिंगी धातुसाधित. त्यामुळे अटलांटिकच्या तळाशी मोकळी फिरणारी मासळीसुद्धा नावाने पकडलेलीच. पोर्तुगालमध्ये याचे जुने कोडे आहे : ‘होण्याआधीच जी ते असते, ती कोण?’ उत्तर, पेस्कादा. मराठीत आणताना या कोड्यातला जीव जातो, कारण सगळी गंमत त्या एका प्रत्ययात आहे.

स्पॅनिशमध्ये पाण्यातला जिवंत मासा ‘पेथ’ आणि खाण्यासाठी धरलेला ‘पेस्कादो’. आपल्याकडे जाळ्यातला काय नि कालवणातला काय, मासा तो मासाच. हेकला मात्र स्पॅनिश माणूस ‘मेर्लुथा’ म्हणतो. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात पेस्कादाही ऐकू येते. बोलीभाषेत ‘मेर्लुथा’ म्हणजे दारूची झिंगसुद्धा. कातालान नाव ‘ल्यूस’ लॅटिन ‘लुसिउस’वरून, म्हणजे पाईक या गोड्या पाण्यातल्या दातेरी माशाच्या नावावरून आले. बास्क लोकांचे ‘लेगात्स’ या सगळ्यांपासून वेगळे. इटालियन ‘मेर्लुत्सो’ दिसायला मेर्लुथाचा भाऊ, पण तो कॉड, म्हणजे वेगळाच मासा. पाककृती भाषांतरित करणाऱ्यांनी इथे जपून राहावे.

लहान हेकला स्पेनमध्ये ‘पेस्कादिल्या’, पोर्तुगालमध्ये ‘पेस्कादिन्या’. ती अख्खी तळायची रीत पाहण्यासारखी आहे. मासा साफ करायचा, शेपूट वळवून त्याच्याच दातांत अडकवायची, पीठ लावून कढत तेलात सोडायचा. कढईतून कडे बाहेर येते. यावरूनच फिरून फिरून पुन्हा तिथेच येणाऱ्या युक्तिवादाला दोन्ही भाषांत ‘शेपूट तोंडात धरलेली पेस्कादिल्या’ म्हणतात. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी, असा पेच सांगताना हा वाक्प्रचार अगदी चपखल बसतो. स्वयंपाकघरातून थेट तर्कशास्त्रात गेलेला इतका नेमका शब्दप्रयोग क्वचितच सापडेल.

पोर्तुगीजांबरोबर हे नाव ब्राझीलला गेले आणि तिथे दुसऱ्याच माशांना चिकटले. ब्राझीलच्या बाजारातली पेस्कादा हेक नव्हे; ती आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातली.