पहिली कुठंय?

आमच्या ठाण्याच्या घराची चौथी किल्ली गेल्या दिवाळीत करून आणली. दिसायला एकदम झकास, नवं पितळ, पण कुलपात पूर्ण घातली की फिरायची नाही. केसभर बाहेर ओढून धरली की मात्र फिरायची. घरातल्यांच्या हाताला ती ओढ सवयीची झाली, पण पाहुणे दारातच अडकायचे. शेवटी स्टेशनजवळच्या एका जुन्या किल्लीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी किल्ली दिव्यासमोर धरली, अंगठ्याने दातांवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "पहिली कुठंय?"

हा प्रश्न विचारायची वेळ का येते, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

रोमन काळापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपातली बहुतेक लोखंडी कुलपं एकाच तत्त्वावर चालत. कुलपाच्या आत पट्ट्यांचे अडसर, आणि ते चुकवून जाईल अशा खाचा पाडलेली किल्ली. लोहाराने एखादी खाच अंदाजाने जरा मोठी कापली तरी काही बिघडत नसे. उलट जितकं जास्त कापाल तितक्या जास्त कुलपांना ती किल्ली लागे. म्हणून नक्कल करणं सोपं होतं, आणि चोरी करणंही.

१७७८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने हे बदललं. त्याच्या कुलपातला लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलली जाणारी आतली पट्टी, नेमक्या एका उंचीवर उचलावा लागे. कमी उचलला तरी अडे, जास्त उचलला तरी अडे. माझ्या मते किल्लीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. 'थोडं जास्त कापलं तरी चालतं' ही सोय इथे संपली आणि किल्ली करणाऱ्याच्या कामात माप शिरलं.

पुढचा टप्पा तर नकली किल्ल्यांमुळेच आला. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत नकली किल्ल्या वापरून चोरी झाली आणि सरकारने न फसणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं. १८१८ मध्ये जेरेमाया चबने आपलं 'डिटेक्टर' कुलूप पुढे आणलं. चुकीच्या किल्लीने लिव्हर जास्त उचलला गेला की कुलूप आतून अडकून बसायचं, मग मालकाची खरी किल्लीही सरळ चालायची नाही. कुणीतरी हात घातला होता, हे त्यावरून कळायचं. म्हणजे वाईट नक्कल नुसती निरुपयोगी राहिली नाही, ती चांगलं कुलूपही अडवायला लागली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने चबचं हे कुलूप उघडून दाखवलं, पण तो किस्सा वेगळा.

आपल्या लॅचची किल्ली आली ती अमेरिकेतून. लायनस येल यांनी १८४८ मध्ये पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्याच नावाच्या त्यांच्या मुलाने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून ते आजच्या रूपाला आणलं. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतलीच, पण धाकट्या येलची किल्ली लहान आणि चपटी होती. कुलपात पाच-सहा पिना, प्रत्येक पिनेचे दोन तुकडे. योग्य किल्ली आत गेली की सगळे सांधे एका रेषेत येतात आणि किल्ली जिच्यात जाते ती नळी फिरते. एक सांधा जरी त्या रेषेच्या वर-खाली राहिला, तरी सगळं ठप्प.

किल्ली चपटी झाली म्हणून तर ती यंत्रावर कापता आली. दुकानातलं यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दोन शिकंजे, एकात तुमची किल्ली, दुसऱ्यात कोरी. एका बाजूला दातांवरून सरकणारं बोट, दुसऱ्या बाजूला फिरणारं दातेरी चाक. बोट जिथे उतरेल तिथे चाक उतरतं. यंत्राला माप कळत नाही, त्याला फक्त समोरची किल्ली दिसते. ती झिजलेली असेल तर झीजही इमानदारीने उतरते.

आता आकडे पाहा. खाचांची खोली ठरावीक पायऱ्यांनी वाढते. श्लेग या अमेरिकन कंपनीच्या कुलपांत एका पायरीचा फरक ०.३८ मिलिमीटर असतो, क्विकसेट या दुसऱ्या कंपनीच्या कुलपांत सुमारे ०.५८. प्रत्येक नकलेत ०.०५ मिलिमीटर चूक एकाच दिशेने झाली असं धरा. चौथ्या पिढीला ०.२० होते, म्हणजे श्लेगच्या अर्ध्या पायरीहून जास्त. नकलेवरून नक्कल काढली की ती का अडते, ते एवढ्यावरून लक्षात यावं.

आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. अलीगढ आणि दिंडिगूल ही कुलपांची गावं तर प्रसिद्धच आहेत. पण कुलूप बिघडल्यावर आपण ज्यांच्याकडे धावतो, ते फुटपाथवर कानस घेऊन बसणारे कारागीर. त्यांच्यात शिकलगार शीख पुष्कळ. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. हत्यारांचं काम गेल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी हेच धातूचं ज्ञान किल्ल्यांकडे वळवलं. मूळ किल्ली नसली तरी कोरी किल्ली कुलपात घालून दाब देऊन फिरवायची, तिच्यावर उमटलेले बारीक डाग पाहायचे आणि तेवढंच कानशीने घासायचं. डाग उमटेनासे झाले की तिथली खोली बरोबर. या कौशल्याकडे संशयाने पाहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

काकांनी माझी किल्ली पहिल्या नकलेला पाठीला पाठ लावून धरली. खाचांची खोली बरी होती, पण सगळ्या खाचा टोकाकडे सरकलेल्या. कोरी किल्ली शिकंज्यात धरताना तिचा खांदा, म्हणजे किल्ली आत जाऊन जिथे थांबते ती कड, मूळ किल्लीच्या खांद्याशी जुळवलाच नव्हता. म्हणूनच ती ओढून धरावी लागे. "कमी कापलं असतं तर अजून कापलं असतं, जास्त कापलेलं कुठून भरू?" ते म्हणाले. कधी दोष एवढाही नसतो, कापताना कडेला राहिलेली धातूची कूस तारेच्या ब्रशने काढली की किल्ली चालते. पण नवी किल्ली अडली तर जोर लावू नका, ती आत तुटते. आधी जुनी किल्ली नीट फिरते का ते बघा. तीही अडत असेल तर दोष कुलपाचा आहे. आणि कृपा करून कुलपात खोबरेल तेल घालू नका. त्यावर धूळ बसते आणि थंडीत ते गोठतं. ग्रॅफाइटची पूड घाला.

पहिली किल्ली सापडली आईच्या डब्यात, तारेत अडकवलेली, सोबत पत्र्याचा बिल्ला, त्यावर क्रमांक ठोकलेला. अशा क्रमांकावरून खाचांची खोली कळत असेल तर झीज टाळून कारखान्यातल्यासारखी किल्ली कापता येते. तेवढ्याच कारणाने तो कुणाला दाखवू नये, किल्लीचा फोटोही टाकू नये. २००८ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दूर गच्चीवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीची मापं काढून दाखवली होती.

काकांनी आधी दोन सारख्या कोऱ्या किल्ल्या लावून बोट आणि चाक एकाच वेळी टेकतात का ते तपासलं, स्क्रू किंचित फिरवला, आणि मगच आईची किल्ली शिकंज्यात बसवली. नवीन किल्ली संध्याकाळी दारात घातली, फिरली. आईची परत डब्यात गेली, तिच्या तारेत आता एक कागद अडकवलाय: 'नक्कल हिच्यावरूनच काढणे.'