एसएसएच कीने लॉगिन

दूरच्या सर्व्हरवर किंवा गिट रेपोवर (कोड आणि त्यातले बदल जपणारा साठा) पासवर्डऐवजी कींच्या, म्हणजे डिजिटल किल्ल्यांच्या, जोडीने ओळख पटवण्याची पद्धत. एसएसएच (सिक्युअर शेल, दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारे सॉफ्टवेअर) १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी लिहिले; त्यांच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते, ते निमित्त. गिट रेपो ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांना खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले. तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यालाही कोड पुश करायला (गिटहबवर चढवायला) टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा कोड) किंवा की लागतेच.

‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ (ssh-keygen -t ed25519) ही कमांड दिली की होम फोल्डरच्या ‘.एसएसएच’मध्ये दोन फाइली तयार होतात. ‘.पब’वाली पब्लिक की खुशाल कोणालाही द्यावी. प्रायव्हेट की मशीनबाहेर जाऊ देऊ नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. लॉगिन होतानाही ती जात नाही. तिने केलेली डिजिटल सही जाते आणि सर्व्हर ती पब्लिक कीवरून तपासतो. पासफ्रेज (प्रायव्हेट कीला लावायचा पासवर्ड) विचारल्यावर नुसते एंटर दाबू नये. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच आडोसा उरतो. सारखे टाइप करायचा कंटाळा असेल तर उघडलेली की लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट आहेच.

पब्लिक की सर्व्हरवर ‘.एसएसएच’ फोल्डरच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ (authorized_keys) फाइलमध्ये एका सलग ओळीत बसते; पेस्ट करताना ओळ तुटली की ती बाद. ‘परमिशन डिनाइड’ आले तर आधी परवानग्या बघाव्यात: ‘.एसएसएच’ फोल्डर ७००, ही फाइल ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच खुले. खुद्द होम फोल्डरवर गटाला लिहिण्याची मुभा असली तरी सर्व्हर की नाकारतो, आणि नेमके हेच पटकन लक्षात येत नाही.

कीने लॉगिन होतेय याची खात्री झाल्यावरच सर्व्हरच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या सेटिंग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ (PasswordAuthentication no, पासवर्डने लॉगिन बंद) करावे. उबुंटूत ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’मधल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि पहिली सापडलेली नोंदच चालते, त्यामुळे मुख्य फाइलमधला बदल कित्येकदा लागूच होत नाही. ‘एसएसएचडी -टी’ने (sshd -t) फाइल तपासून सर्व्हिस रीलोड करावी आणि जुने सेशन उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघावे. चोपडा-यावलकडे ऐन वेळी लाइट गेली की राउटरबरोबर ते सेशनही जाते. म्हणून होस्टिंगवाल्याचा वेब कन्सोल (ब्राउझरमधून सर्व्हर उघडायची सोय) चालतो का, हे आधीच पाहून ठेवावे.

कॉलेजच्या नेटवर्कवर पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा मार्ग) बंद असेल तर गिटहबसाठी ‘एसएसएच.गिटहब.कॉम’ हा होस्ट ४४३ पोर्टवर चालतो. की जोडूनही पासवर्ड मागत असेल तर रेपोचा रिमोट (गिटहबवरचा पत्ता) बहुधा ‘एचटीटीपीएस’चाच राहिलेला असतो.

एकाच विंडोज लॉगिनवर अनेकजण बसतात अशा लॅबमध्ये की बनवूच नये. बनवली असल्यास फाइल डिलीट करून भागत नाही. गिटहबच्या सेटिंगमधून आणि सर्व्हरवरच्या फाइलमधून तिची नोंद काढावी.